मालोजीची साठी

पत्रिका चांगली जाडजूड होती, चारी कोपऱ्यांना हळद लावलेली होती, आणि नागोजीने ती पुन्हा पुन्हा वाचली तरी तिच्यातला निर्लज्जपणा काही कमी होईना. श्रीमान मालोजीरावांची षष्ट्यब्दपूर्ती. साठ वर्षं पूर्ण झाली म्हणून सौ. कुमुदिनीबाईंशी पुन्हा लग्न, मैलापूरच्या सभागृहात, वर केळीच्या पानावर जेवण. तमिळ लोकांची ही चाल तंजावरच्या मराठ्यांनी कधीच उचलली होती, तेव्हा चालीबद्दल नागोजीचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते साठीबद्दल. ज्या माणसाने नागोजीच्या बरोबरीने घोड्यावर बसून कावेरी ओलांडली, आणि तीही चेन्नई म्हणजे इंग्रजांचा एक किल्ला आणि चार कोळीवाडे होते तेव्हा, त्याला आत्ता दोन हजार सहा साली साठ पुरी होतायत?

‘‘लबाड! पांढरा रंग लावून बसला असेल डोक्याला,’’ नागोजी एकटाच करवादला आणि पत्रिका पिठाच्या डब्याखाली सारली. मग पुन्हा काढून वाचली.

या दोघांचं वैर फार जुनं. तंजावरच्या दरबारी वैद्याने राजासाठी एक रसायन केलं. त्याचा रंग पाहून राजा म्हणाला, आधी कुणाला तरी पाजून बघा. मालोजी आणि नागोजी हे दोन सरदार पुढे आले. आधी कोण पिणार? अर्थात जो मोठा असेल तो. नागोजी म्हणाला, मी चार महिन्यांनी मोठा. मालोजी म्हणाला, पुरावा काय? पुराव्याला दोघांच्याही आया उरल्या नव्हत्या. वाटीची ओढाताण झाली आणि अर्धं अर्धं दोघांच्या पोटात गेलं. पुढे राजा गेला, वैद्य गेला, राज्यसुद्धा गेलं, आणि हे दोघे पंचेचाळिशीचे काळेभोर केस घेऊन तसेच राहिले. पंगतीत पहिलं पान कुणाचं, विडा आधी कुणाला, नमस्कार कुणी कुणाला करायचा, यावरून त्यांनी इतकी लग्नं नासवली, की लोक दोघांपैकी एकालाच आमंत्रण देऊ लागले. बहुतेक वेळा ते मालोजीला जायचं, आणि नागोजीला त्या रात्री जेवण गोड लागत नसे.

गेली चौदा वर्षं दोघांची भेट नव्हती. दर बारा वर्षांनी गाव बदलायचं आणि आपणच आपला पुतण्या म्हणून परत उगवायचं, हा नागोजीचा जुना शिरस्ता. सध्या त्याची वेळाचेरीत मराठी पोरांसाठी खाणावळ होती. ओरगडमच्या कारखान्यांतली पोरं रविवारी त्याच्याकडे पिठलं-भाकरी ओरपायला येत. पण बारा वर्षं भरली होती आणि पोरं विचारू लागली होती, ‘‘काका, केसांना तेल कुठलं लावता?’’

याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या चारुलताबाईंनी घोळ घातला. बाई नाशिकच्या, बँकेत अधिकारी, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. रोज संध्याकाळी त्या खाली येत, आमटीत मीठ बरोबर पडलंय का ते सांगत, आणि सांगता सांगता दोन तास बसत. परवा त्या उठताना म्हणाल्या, ‘‘माझी बदली नाशिकला निघालीय. दोन महिन्यांत कळवायचंय. तुम्ही थांब म्हणालात तर स्वेच्छानिवृत्ती घेते. पण नुसतं आमटी चाखायला नाही हं थांबणार मी.’’

नागोजीला थांब म्हणायचं होतं. पण एकदा, फार पूर्वी, त्याने हे करून पाहिलं होतं. बायको म्हातारी होत गेली आणि हा होता तसा. शेवटी लोक तिला त्याची आजी समजायला लागले, आणि मरताना तिने त्याच्याकडे पाठ केली. ते दुसऱ्यांदा सोसायची त्याची छाती नव्हती. म्हणून तो चारुलताबाईंना ‘‘बघू’’ म्हणाला, आणि हा सगळा राग मालोजीवर काढायला मैलापूरला गेला.

दार मालोजीनेच उघडलं. नागोजीने नमस्कार-चमत्कार न करता त्याच्या डोक्यावरचे पांढरे केस मुठीत धरले आणि धोतराच्या सोग्याने खसाखसा पुसले.

‘‘डेय, सोड रे! दुखतंय!’’ मालोजी ओरडला. दोघेच असले की ते आपल्या जुन्या तंजावरी मराठीत बोलत.

रंग उतरला नाही. केस खरे होते. डोळ्यांखालच्या पिशव्या खऱ्या होत्या. उजवा गुडघा बसताना कटकन वाजला, तोही खराच. नागोजीने आजवर मालोजीचा घोडा पाहून जळून घेतलं होतं, मिशी पाहून जळून घेतलं होतं, त्याच्या गाण्याच्या गळ्यावर तर तो शंभर वर्षं जळत होता. पण त्या कटकन वाजलेल्या गुडघ्याचा जेवढा हेवा त्याला वाटला, तेवढा कशाचाच वाटला नव्हता.

‘‘कसं केलास हे? सांग मला,’’ तो म्हणाला.

‘‘मी काय केलों? कांहीं नाहीं. ऋजुताला विचार.’’

ऋजुता ही कुमुदिनीची भाची. श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर औषधांच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. मालोजी आपलं खरं वय तिच्यापाशी बोलून गेला, तिने ते न हसता ऐकून घेतलं आणि त्याचं रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने नागोजीच्या बोटाला चिमटा लावला आणि समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ सरपटू लागली.

‘‘ते रसायन तुमच्या रक्तात झोपलेलं असतं, काका,’’ ती म्हणाली. ‘‘माणूस जळफळला की शरीरात एक स्राव सुटतो. त्याने ते जागं होतं आणि तुमची सगळी झीज भरून काढतं. हेवा थांबला की झीज सुरू. मालोजीकाकांचं लग्न झालं तेव्हापासून—’’

‘मालोजी’ हे नाव निघताच रेघ उसळून पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन आपटली. यंत्र कुईकुई करू लागलं.

‘‘अय्यो,’’ ऋजुता म्हणाली. ‘‘तुम्ही तर अजून हजार वर्षं जाल.’’

मालोजी बाजूला उभा होता. तो हसला नाही, ते जास्त झोंबलं. ‘‘मला तुझी आठवणच आली नाहीं रे चौदा वर्षं,’’ तो जरा ओशाळून म्हणाला. ‘‘घरांत सुखी होतों. पत्रिका पण कुमुदिनी म्हणाली म्हणून धाडलों.’’

यंत्र बंद करावं लागलं.

पुढचा महिना नागोजीने चांगलं मन करण्यात घालवला, आणि त्याइतका वाईट महिना त्याने तीन शतकांत काढला नव्हता. सकाळी उठून तो मालोजीबद्दल चार बऱ्या गोष्टी आठवी. माणूस उदार आहे, हे आठवलं की आपल्यापेक्षा उदार आहे हेही आठवे. तो जपाला बसे, आणि जपात मालोजीची एकाग्रता जास्त असेल असं वाटून माळ टाकून देई. सर्वांत मोठी पंचाईत ही, की हेवा न करण्यात मालोजी त्याच्या चौदा वर्षं पुढे होता, आणि या गोष्टीचा त्याला विलक्षण हेवा वाटे. रोज आरशात तो केस विंचरून विंचरून पाही. सगळे काळे, तुकतुकीत, मेले.

चारुलताबाई अजून थांबल्या होत्या. पण त्यांच्या जिन्यात पुठ्ठ्याची रिकामी खोकी येऊन पडली होती.

साठीच्या दिवशी तो त्यांना घेऊनच मैलापूरला गेला. खरं सांगायचं तर नेलं ते मिरवायलाच. बाई अंजिरी रंगाचं नऊवारी नेसल्या होत्या आणि फार छान दिसत होत्या. मालोजीने एकदा तरी डोळे वर करून पाहावं एवढीच नागोजीची इच्छा होती. मालोजी पाहीना. तो पाटावर कुमुदिनीशेजारी ओलेत्याने बसला होता. भाचे, पुतणे, शेजारी एकेक येऊन कलशातलं पाणी दोघांच्या डोक्यावर ओतत होते, आणि थंड पाण्याने कुडकुडणारी ती दोन पिकली डोकी एकमेकांकडे पाहून खुदुखुदु हसत होती. नागोजीच्या पोटात आगडोंब उसळला. त्याला कळत होतं, की या घटकेला त्याचं रक्त पंचेचाळिशीच्या गड्याचं होतंय. त्याला तिथेच रडावंसं वाटलं.

पुन्हा ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधून झाली. आता नवरानवरीने वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. भटजींनी गर्दीवर नजर फिरवली आणि तमिळमध्ये हाळी दिली, नवऱ्याच्या बाजूचं वडील माणूस कोण आहे? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. साठीच्या माणसाला वडील कुठून आणायचा?

मालोजी उठला. गुडघा वाजला. तो पाटावरून उतरला, गर्दीतून वाट काढत नागोजीपुढे आला आणि कुमुदिनीचा हात धरून त्याच्या पायांपाशी वाकला. सभागृहात एकदम कुजबुज उठली. पांढऱ्या केसांचा म्हातारा एका काळ्या केसांच्या माणसाच्या पायावर डोकं ठेवतोय, हे काय चाललंय?

‘‘मोठा तूच रे,’’ मालोजी खालूनच हळू म्हणाला. ‘‘चार महिन्यांनी. मला ठाऊक होतं तेव्हांच. वाटी पाहिजे होती म्हणून खोटं बोललों.’’

याच शब्दांसाठी नागोजी जगला होता. त्याने हजार वेळा ठरवलं होतं, की हे ऐकलं की काय करायचं, कसं हसायचं, कुणाकुणाला बोलावून ऐकवायचं. आता त्याच्या पायांवर मालोजीची ओली, म्हातारी बोटं होती. त्या बोटांनी धरलेला लगाम नागोजीने पाहिला होता, आणि तो पाहिलेला दुसरा कुणी या जगात नव्हता. आणि ती बोटं आता थोड्याच वर्षांची सोबती होती.

भटजी आशीर्वादासाठी खोळंबले होते. नागोजीच्या तोंडात ‘दीर्घायुषी भव’ आलं आणि तिथेच अडकलं. ही शिवी त्या माणसाला कशी द्यायची? कुमुदिनीने वर पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिच्या डोळ्यांत भीती होती.

नागोजीने दोघांच्या डोक्यांवर हात ठेवले.

‘‘म्हातारे व्हा,’’ तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला. ‘‘दोघंही बरोबरच म्हातारे व्हा.’’

परतताना रिक्षात चारुलताबाई म्हणाल्या, ‘‘ते एवढे मोठे गृहस्थ तुमच्या पाया का पडले?’’ नागोजीने सगळं सांगून टाकलं. वाटी, राजा, ती पाठ करून गेलेली बायको, पडद्यावरची रेघ. अड्यारचा पूल गेला, तिरुवान्मियूर गेलं. तो खोक्यांचा विचार करत राहिला.

‘‘म्हणजे तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठे?’’ शेवटी त्या म्हणाल्या.

‘‘चार महिन्यांनी.’’

‘‘मग तुमच्यापेक्षा ते कसे छान दिसतात हो?’’

नागोजीने पोटातल्या आगीची वाट पाहिली. वेळाचेरी आली तरी ती आली नाही. जिन्याशी उतरल्यावर तो म्हणाला, ‘‘थांबा तुम्ही. नाशिकला जाऊ नका.’’ बाई त्यावर ‘‘बघू’’ म्हणाल्या आणि वर गेल्या, पण दुसऱ्या दिवशी जिन्यातली खोकी भंगारवाल्याने नेली.

निवृत्तीचे कागद मंजूर होऊन आले त्या संध्याकाळी नागोजी आमटीला फोडणी देत होता. बाई मागून मीठ बघायला आल्या आणि थबकल्या.

‘‘तुमच्या कानामागे एक पांढरा केस आहे. उपटू?’’

‘‘हात लावू नका!’’ तो एवढ्याने ओरडला, की बाहेर जेवणारी पोरं थांबली. त्याने कढई खाली उतरवली, कानामागे चाचपलं आणि धावत जाऊन मालोजीला फोन लावला.

‘‘काय रे?’’ मालोजी पलीकडून म्हणाला. आवाज दमलेला होता.

तुला पहिला कोठें आला होता, हे नागोजीच्या अगदी ओठांवर होतं. कानामागे की कपाळावर? लग्नानंतर किती दिवसांनी? त्याने दारात उभ्या असलेल्या चारुलताबाईंकडे पाहिलं आणि तो प्रश्न गिळला.

‘‘कांहीं नाहीं,’’ तो म्हणाला. ‘‘गुडघा कसा आहे तुझा?’’