रोजचा नवा शब्द

बढतीच्या मुलाखतीत बाबांचं इंग्रजी ऐकून साहेब हसले होते. साहेब हसून विसरलेही असतील, बाबांनी मात्र त्याचा सूड आमच्यावर उगवला.

घरात नियम निघाला. जेवताना इंग्रजीतच बोलायचं आणि त्यात एखादा भारी शब्द आलाच पाहिजे, तोही हावभावासह! गुड, बॅड, पेन हे शब्द म्हणे शेंबड्या पोरांचे. ते कानावर आले की बाबा ऐकू न आल्यासारखं करायचे. आईला इंग्रजी येत नव्हतं, ती मुकाट्यानं वाढायची. मी नोकरीला लागले, दुपारपाळी मागून घेतली आणि रात्रीच्या जेवणातून सुटले. तावडीत सापडली ती माझी सहावीतली धाकटी बहीण, चिमणी. बाबांनी शाबासकी दिली की तिला स्वर्ग दोन बोटं उरायचा.

त्या दिवशी ती ताटावर बसली तीच वाकून. "माय स्टमक... पेन..." म्हणाली.

"ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले.

मग ती बराच वेळ आठवत राहिली. पोट घट्ट धरून म्हणाली, "आय अ‍ॅम इन एक्स्क्रुशिएटिंग अ‍ॅगनी."

बाबांनी टाळ्याच वाजवल्या. "वा रे पठ्ठी! एका वाक्यात दोन! आणि हावभाव बघा!" खूश होऊन त्यांनी तिला आग्रहानं आणखी भात वाढला. तो तिनं कसाबसा संपवला.

सकाळी शाळेला निघताना ती दारातच कोसळली.

ऑपरेशन करून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या चिडूनच. "अपेंडिक्स फुटलं होतं. वाचली, पण थोडक्यात. इतकं दुखणं अंगावर का काढलंत? पोरगी काही बोलली नाही?"

"नाही हो," बाबा म्हणाले.

"बोलली की," आई पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. "पोट धरून काहीतरी लांबलचक बोलली, आणि तुम्ही टाळ्या पिटल्यात!" तिनं ते वाक्य जमेल तसं म्हणून दाखवलं. असह्य वेदना होताहेत, हा त्याचा अर्थ मला कळला आणि बाबांचं तोंडही बघवेना.

चिमणी शुद्धीवर आली तेव्हा बाबा तिच्या उशाशी बसून रडत होते. "बाळा, दुखतंय का गं?"

तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. बाबा आणखी खाली वाकले.

"थांबा ना बाबा," ती म्हणाली, "शब्द आठवतेय."