मेहुण्यांच्या मस्तकावरील गहू

सुज्ञ वाचकहो, एका मातीच्या पुतळ्याने आमच्या नात्यातील जुने अवघडलेपण कसे दूर केले, ती हकीकत मी यथाशक्ती निवेदन करीत आहे.

माझी पत्नी सरला हिचे ज्येष्ठ बंधू उदयदादा हे कोलकात्यात बँकेचे मोठे अधिकारी. मी त्याच शहरातील गार्डन रीच भागात मालमोटार चालवितो. दादांचे मजशी संभाषण 'बसा' आणि 'चहा घ्या' यापलीकडे कधी गेले नाही. अशात त्यांची नागपुरास बदली झाली व दसऱ्याला त्यांच्या न्यू टाउनच्या घरी निरोपसमारंभ ठरला. जाण्यापूर्वी त्यांनी मला एकदा तरी आपला मानावे, ही माझी मनीषा होती.

"एक शाल द्या नि मोकळे व्हा," सरला म्हणाली.

परंतु मी गंगेच्या मातीचा त्यांचा अर्धपुतळा घडविला. दादांना संपूर्ण टक्कल. हिरव्यागार केसांनी त्यांचे तारुण्य परतावे, या सद्धेतूने मस्तकात खळगा ठेवून मी गहू पेरले. मात्र नवरात्रातील घटाची सवय अंगवळणी पडलेली! घटाप्रमाणेच मी पुतळ्यावरही टोपली झाकली आणि ती न उचलता फटींतून नित्य पाणी शिंपडले.

दसऱ्याला सर्वांसमक्ष टोपली उचलली. अंधारात वाढलेले गहू पिवळेधमक, वीतभर लांब! माती भिजून गाल ओघळलेले, ओठांचा एक कोपरा वर चढलेला. जे दादा छायाचित्रातही हसत नाहीत, ते येथे मिश्कील हसत होते. सरलेने पदर तोंडाशी धरला.

"अहो, तुमचा तर गोरा साहेब झाला!" दादांच्या पत्नी सुलभावहिनी उद्गारल्या.

दादा उठून पुतळ्यापाशी गेले. त्यांनी चिमूटभर गहू उपटले आणि दसऱ्याच्या रिवाजाप्रमाणे आपल्या कानावर खोवले.

"जयप्रकाशराव, माझे केस कुणाच्या कामी येतील असं वाटलं नव्हतं हो. इकडे या!"

दुसरा तुरा त्यांनी स्वहस्ते माझ्या कानावर खोवला. मग तुऱ्यांसाठी एकच झुंबड उडाली आणि पाहता पाहता मस्तक स्वच्छ झाले.

"आत्ता कुठे ओळख पटली!" वहिनी म्हणाल्या.

दादा डोळ्यांत पाणी येईतो हसले. "हा माझ्याबरोबर नागपूरला येणार. आणि पुढच्या नवरात्रात तुम्ही दोघं या. पेरणी तुमच्याकडे!"

"शाल वाचली," सरला माझ्या कानात कुजबुजली. तुरा अजून तेथेच होता.

आपण हे शांतचित्ताने वाचलेत, यास्तव आपला ऋणी,
जयप्रकाश ढवळे