पुढचा सर्व्हर

प्रयोगशाळेचा प्रोग्राम मी लिहिला त्याला सात वर्षं झाली. पेशंट घरबसल्या नंबर आणि पासवर्ड घालून रिपोर्ट बघतात. इतकी वर्षं माझा सर्व्हर एकटाच उभा होता. दार तोच उघडायचा, आतलं कामही तोच करायचा. नव्या साहेबांच्या डोक्यात आलं, त्याच्यापुढे एक वेब सर्व्हर हवा. गर्दी तो झेलेल, तुमचा मागे निवांत काम करेल. मी नाक मुरडलं, पण आज सकाळी बसवला.

साडेदहाला फोनवर फोन. कुणालाच आत जाता येईना. साहेब माझ्याकडे बघत होते आणि मी स्क्रीनकडे.

कारण सापडलं तेव्हा स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली. एकाच इंटरनेट-पत्त्यावरून पाचदा पासवर्ड चुकला की तो पत्ता तासभर बंद, हा नियम माझाच. आता पुढचा सर्व्हर प्रत्येकाला आत आणत होता, पण पत्ता मात्र स्वतःचा सांगत होता. म्हणून चुकला एक आणि अख्खं गाव दाराबाहेर.

कोण हा महाभाग, म्हणून नोंद काढली. बाबांचं नाव.

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. त्यांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, आणि पाच वेळा पासवर्ड चुकला? घरी फोन केला की आईच उचलते आणि म्हणते, "मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला दिलाय. ते मजेत आहेत, तू काळजी करू नकोस." बाबांचा आवाज महिनाभर ऐकला नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

पुढच्याने येणाऱ्याचा खरा पत्ता मागे कळवायचा आणि माझ्या प्रोग्रामने तोच धरायचा. दोन ओळींचं काम होतं. फोन थांबले. मग मी घरी लावला.

"अगं, मजेत आहेत ते," आई म्हणाली.

"आई, त्यांनाच दे."

बाबा आले. "पाचदा चुकलो गं. बोटं ऐकत नाहीत. भीती वाटते."

"आता उघडेल. मी आहे फोनवर, सावकाश घाला."

एकेक कळ ऐकू आली. मग रिपोर्ट उघडला.

"छे! पहिली वेलांटी दिलीय यांनी."

"कशाला, बाबा?"

"'साधी'ला."

"काय साधी?"

"गाठ गं," बाबा म्हणाले. मागे आई रडत होती.