बॉनेटवरचा हार

हंबीरराव म्हणजे मुरगूडच्या दूध सोसायटीचे माजी चेअरमन. कुजबुजले तरी मागच्या गल्लीला ऐकू जावं असा गळा. पण त्या दुपारी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजपुढं ते गाडीतून उतरले, तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

कारणही तसंच होतं. त्यांची बायको बनाबाई हृदयाचं ऑपरेशन होऊन आज घरी यायची होती. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि डॉक्टरांनी बजावलेलं, काचा बंद, एसी चालू, उकाडा अजिबात नको. दुसरी गाडी करावी, तर बनाबाईचा हट्ट, "जाताना ॲम्ब्युलन्समधनं गेले, येताना आपल्याच गाडीतनं येणार." आणि नेमका आजच एसी लावला, तर डॅशबोर्डाच्या पोटातून खडखडाट! पुतण्या कृष्णात म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर बसला. आता चार दिवस गाडीचं नाव काढू नका." हंबीररावांना वाटलं, आजच्या दिवशी असला आवाज म्हणजे कसली खूण समजायची?

गॅरेज शांभवीचं. गडहिंग्लजकडची पोरगी, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि तोरा दोन्हींत. गाड्यांच्या एसीशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायची नाही. तिनं बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "पावणं, आवाज काढून दाखवा."

"गाडी चालू करतो की."

"गाडी माझ्या दारात आली की साळसूद हुती. तुमी तोंडानं काढा."

आता चेअरमननं तोंडानं आवाज काढायचा? समोर चहाच्या गाड्यावर माणसांची ही गर्दी! पण बनाबाई डोळ्यांपुढं आली आणि हंबीररावांनी गाल फुगवले. "फर्रर्र... टक्. फर्रर्र... टक्." चहावाले खो खो हसले. शांभवी मात्र डोळे मिटून ऐकत होती.

"फर्र जास्त का टक्?"

"फर्र."

"आन वळणावर?"

"डावीकडं वळलं की वाढतंय."

"बेस. आता गाडी चालू करा. एसीचं बटण बंद, नुसता पंखा ठेवा."

गाडी खरंच थोडा वेळ साळसूदासारखी गप्प बसली, मग फरफरायला लागली. शांभवीनं बोट वर केलं. "एसी बंद हाय, तरी आवाज हाय. म्हंजे कॉम्प्रेसरवर उगंच आळ घेतलाय तुमी." तिनं पंखा वाढवला, तसा आवाजही पळायला लागला. "ब्लोअर! वारा फेकणारा पंखा. आत कायतरी वाळलेलं, हलकं अडकलंय. पाल्यागत. न्हाय निघालं तर गॅरेजला कुलूप लावते."

आहा, काय तो थाट! असलं छातीठोक बोलणं हंबीररावांनी उभ्या आयुष्यात फक्त स्वतःच्याच तोंडून ऐकलं होतं. पोरगी त्यांना एकदम आवडून गेली.

तिनं सामानाचा कप्पा काढला, डोकं डॅशबोर्डाखाली घातलं, पाय दाराबाहेर. भराभर हात चालत होते, एक स्क्रू खाली पडला नाही. काचेखालची जाळी तुटलेली, फिल्टर फाटलेला, कचऱ्याला वाट मोकळी होती. शेवटी तिनं ब्लोअर बाहेर काढून फडक्यावर झटकला. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, हाराचा दोरा आणि आपट्याची पानं.

शांभवी ते चिवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "दसऱ्याचा हार हाय ह्यो. दुसऱ्या दिवशी काढतात लोक. तुमचा पार चुरा होईस्तवर बॉनेटवरच होता." तिनं मान वर केली. "हार काढणारं माणूस घरात न्हाय वाटतं, काका?"

हंबीररावांना आता उलगडा झाला. दरवर्षी गाडीची पूजा ते करायचे, पण दुसऱ्या सकाळी हार उतरवून गाडी पुसायची ती बनाबाई. यंदा ती आयसीयूत होती. त्यांनी एकट्यानंच हार घातला, बनाबाईच्या नावाचं सोनं म्हणून आपट्याची पानं काचेपाशी खोचली, आणि तसेच दवाखान्याकडं पळाले. हार उतरवायचा असतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"दवाखान्यात हाय," ते म्हणाले, आणि त्यांचा तो दांडगा आवाज फाटला. "आज घरी आणायचीय." काय पोरगी म्हणायची ही! गाडीचं दुखणं ऐकता ऐकता घरातलंही ऐकून बसली. त्यांना वाटलं, हिच्या कानांची दृष्टच काढावी.

शांभवीनं नवा फिल्टर बसवला, जाळी बदलली, पंखा लावला. नुसता गार वारा, बाकी चिडीचूप. कचरा गोळा करताना तिनं एक पान बाजूला काढलं. कड जरा कुरतडली होती, पण बाकी धड होतं. "ह्ये टाकू नका," ती म्हणाली.

संध्याकाळी बनाबाई उशीला टेकून गाडीत बसली. काचा वर गेल्या. ती डोळे मिटून म्हणाली, "बरं वाटतंय."

हंबीररावांनी खिशातून पान काढून तिच्या हातावर ठेवलं. "सोनं घे, बना."

"आवं, दसरा कवाच झाला की!"

"आपला न्हाय झाला."

पान तिनं मुठीत धरलं, आणि कागल मागं पडलं तरी ती मूठ उघडली नव्हती.