मरोळच्या हॉलमधला लाल काटा

मरोळ गावठाणातल्या हॉलमध्ये चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आलेल्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर लोकांचं सावट उतरवून देणारे राजेशसर, हातात टॅब, टॅबवर लाल-हिरवा काटा. होय-नाही उत्तरं दिली की मनात शिरलेलं सावट काटा दाखवणार. लाल आला तर सरांचं तेल आठवडाभर कपाळाला लावायचं. गेल्या रविवारी लाल आलेले आज हिरवे झाले होते आणि लोक टाळ्या पिटत होते. सर सारखे सायन्स सायन्स म्हणत होते आणि वर तेलाच्या बाटलीवर फुंकर मारत होते. सायन्सला फुंकर कशाला लागते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. शेजारच्या फिलोमिनामावशीनं मला ओढून नेलं होतं. तिनं तेल लावलं नव्हतं, म्हणून ती आजही लालच. सोबत आलेली तिची सून सेलिन इतकी घाबरली, की काटा हिरवा होईपर्यंत नातीला आजीजवळ झोपू द्यायची नाही म्हणाली. मावशीचं जेवणच सुटलं होतं.

"मला खरंच काही झालंय का गं?" तिनं विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

सरांनी काय विचारलं म्हणून चौकशी केली. तेल लावलं का, हे ते आधीच विचारून घेत. मावशीला दोन्ही वेळा तेच: मेलेलं माणूस जवळ वाटतं का, प्रार्थनेत कुणी बोलतं का. तेल लावलेल्या शेजारणीला गेल्या रविवारी हेच, आज मात्र झोप येते का, भूक लागते का, एवढंच. तिथंच पाणी मुरत होतं.

मी उठून म्हटलं, हिरव्यांना पहिलेच प्रश्न पुन्हा विचारा. तेलाचा गुण मोडेल, सर म्हणाले.

मग मीच हॉलला विचारलं, "दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरीवर मेणबत्ती लावताना आपलं माणूस जवळ वाटतं, त्यांनी हात वर करा."

हिरव्यांचे हात वर गेले, म्हणजे त्या प्रश्नावर तेही लालच. पुढे बसलेल्या फादरांचाही गेला. वडील गमावलेल्या सेलिननंही हळूच हात वर केला. सर टॅब पिशवीत भरू लागले.

मी सगळ्यांना सांगितलं: काटा तेलानं नाही, प्रश्न बदलल्यानं हिरवा होत होता. असे प्रश्न मानसशास्त्रातही असतात. पण माणसाची श्रद्धा, त्याच्या समाजाची रीत न बघता नुसते होकार मोजले, तर भाविकही वेडा ठरतो आणि खरा आजारी तेल चोळत बसतो. मनाला त्रास असेल तर डॉक्टरकडे जा, त्यात लाज कसली? आणि कुणी हिरवा काटा दाखवला तर आधी विचारा, प्रश्न तेच होते का?

सेलिन सासूपाशी आली. "मम्मी, पोरगी आज तुमच्याजवळच झोपेल," ती म्हणाली. "चला, आधी जेवून घ्या."