माझ्या अंगावरची एक्केचाळीस डोकी

मित्रांनो, मी एक जुना व्ह्यू बॉक्स आहे. हे ऐकून तुम्ही एकमेकांकडे बघणार, याची मला कल्पना आहे. तुमच्या जन्माच्या आधीच माझी सद्दी संपली होती. तर ऐका. पत्र्याची एक चपटी पेटी, आत दोन ट्यूबलाइट, पुढे दुधी काच आणि वर फिल्म अडकवायला चिमटे, असा माझा देह. एक्स-रेची किंवा स्कॅनची काळी फिल्म माझ्यावर लावून बटण दाबलं, की माणसाच्या आतलं सगळं दिसायचं. डॉक्टर मला व्ह्यू बॉक्स म्हणत, कर्मचारी डबा म्हणत आणि पेशंट टीव्ही म्हणत. कार्यक्रम मात्र सहसा दुःखाचा असे.

माझा जन्म सांगलीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. रत्नागिरीला मी एसटीच्या टपावरून आलो. आंबा घाटातल्या प्रत्येक वळणावर माझा जीव काचेत गोळा होत होता. स्टँडवर उतरवताना कंडक्टरने विचारलं, "हा आरसा कोणाचा?" तो माझा पहिला अपमान. पुढचे मोजायचे सोडून दिले.

ज्या रुग्णालयात मी लागलो, ते समुद्रापासून फार लांब नव्हतं. खाऱ्या हवेने माझ्या कडांना दरवर्षी गंज धरायचा. टेक्निशियन दादू मला खोबरेलाच्या फडक्याने पुसायचा. तेच तेल तो स्वतःच्या डोक्यालाही लावायचा, त्यामुळे आमचं नातं घरच्यासारखं होतं.

तिथेच डॉक्टर मनस्विनी होत्या. तेव्हा त्या जेमतेम पस्तिशीच्या. फिल्म वाचणं हा त्यांचा पेशा. एकदा त्या मुंबईला परिषदेला गेल्या. तिथे एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की मानदुखी हा खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे. मनस्विनीबाई चहासुद्धा न घेता परत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून दादूला म्हणाल्या, "आपल्याकडची बाई भाताचा भारा डोक्यावर घेते, लाकडं घेते, खाणीवरचा चिरा घेते. तिच्या डोक्यामानेत काय होतं, ते कोणी बघितलंय?"

"कोणी नाय," दादू म्हणाला. "तीपण नाय बघत."

असं त्यांचं संशोधन सुरू झालं. गावोगावच्या एक्केचाळीस बायकांच्या डोक्याचे आणि मानेचे एक्स-रे आणि स्कॅन काढायचे ठरले. पण बाई मोकळी कधी? लावणीत नाही, कापणीत नाही, आंब्याच्या दिवसांत तर नाहीच. मनस्विनीबाईंनी बरोबर शिमग्याचे दिवस हेरले. बायका पालखीसाठी गावात असतात, कामाची घाई नसते आणि सोबत यायला कोणीतरी पुरुष माणूस मिळतो.

मित्रांनो, काय दिवस होते ते! पंधरा दिवस मी थंड झालोच नाही. स्कॅनच्या एकेका फिल्मवर डोक्याचे वीस-वीस काप, वाळत घातलेल्या पापडांसारखे ओळीने मांडलेले. बायका यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. एकीने तर विचारलं, "बाय, ह्यात अक्कल कुठली गो?" मनस्विनीबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की ती फिल्मवर येत नाही.

तुम्ही माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखता. मी कपाळाने ओळखतो. कपाळाच्या हाडात एक पोकळी असते आणि तिचा आकार दोन माणसांत कधी सारखा नसतो. कोणाची जास्वंदीच्या फुलासारखी, कोणाची अर्धीच. एकीची डावीकडे बुटकी आणि उजवीकडे तीन टोकं वर काढलेली होती. अजून आठवते. मला विसरायला कोणी शिकवलंच नाही.

पाच वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा तपासायचं होतं. एक्केचाळीस पत्रं गेली, एकोणीस बायका आल्या. बावीस जणींचा पत्ताच नाही. मनस्विनीबाईंचा लेख "नमुना अपुरा" असा शेरा घेऊन परत आला. त्यांनी सगळ्या फिल्मा लोखंडी कपाटात ठेवल्या, वही वर ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या दिवशी त्या माझं बटण बंद करायला विसरल्या. मी रात्रभर रिकामाच जळत राहिलो.

मग संगणक आले. फिल्म गेली, मग माझी गरजही गेली. आधी माझ्या चिमट्यांना कॅलेंडर टांगलं. वाईट वाटून घेतलं नाही. निदान लोक तारीख बघायला तरी जवळ येत. पुढे कॅलेंडरही मोबाइलमध्ये गेलं आणि मी भांडारात, त्या कपाटाशेजारी गेलो. आम्हा दोघांना भंगारात द्यायचं गेल्या वर्षी ठरलं. तशी चिठ्ठीही माझ्या अंगावर डकवून झाली.

त्याच आठवड्यात येसूबाई आल्या.

आतल्या गावातल्या येसूबाई, वय अठ्ठावन्न. भात झोडताना चक्कर येऊन खळ्यातच पडल्या. मुलगा संदेश मुंबईहून धावत आला. स्कॅनमध्ये डोक्याच्या हाडाच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढा पांढरा ठिपका दिसला. मुंबईच्या सर्जननी फोनवर सांगितलं, "ठिपका नवा असेल, वाढत असेल, तर डोकं उघडून काढावा लागेल. जुना असेल तर घाई नको." संदेशने दुसऱ्या दिवसाची तिकिटं काढली. येसूबाई म्हणाल्या, "माज्या डोक्याचा फोटू हितंच हाय. बावीस वर्सं झाली. तो बगा, मग कापा."

म्हणून त्या दिवशी भांडारात अचानक गर्दी झाली. मनस्विनीबाई आल्या, केस पांढरे, चष्मा जाड, चाल तीच. तरुण डॉक्टर ऋजुता आली, लॅपटॉप छातीशी धरून. दादू आला. येसूबाई स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्योच डबा! ह्याच्यावर बगितलंय मी माजं डोकं."

बावीस वर्षांनी मला कोणीतरी ओळखलं होतं. मला उजळावंसं वाटलं, पण वायर कोणी लावलेली नव्हती.

मनस्विनीबाईंनी वही वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालून वर वाचली. येसूबाई नाव नव्हतं.

"आये, तुला चुकीचं आठवतंय," संदेश म्हणाला. "चल. उगाच वेळ नको घालवूस."

"माज्या डोक्यातलं तुला कसं ठावं रं?"

"तेच तर बघायचंय ना आता!"

"मावशी, दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात गेला असाल," ऋजुता समजुतीने म्हणाली.

"हितंच. भावानं आणलं व्हतं, शिवानं. शिमग्याला म्हायेरी गेल्ते ना मी."

मनस्विनीबाईंचं वहीवरचं बोट थांबलं. "नाव कोणी सांगितलं होतं? तुम्ही की शिवाने?"

"त्यानंच. मी लाजत व्हते."

"काय सांगितलं?"

"राही," येसूबाई म्हणाल्या. "म्हायेरी मला येसू कोण म्हणंल? ते लग्नातलं नाव."

मित्रांनो, शिमग्याला गावात असणारी बाई म्हणजे निम्म्या वेळा माहेरवाशीण, आणि तिला घेऊन येणारा पुरुष म्हणजे तिचा भाऊ. तो बहिणीचं सासरचं नाव कशाला सांगेल? वहीत त्या न आलेल्या बावीस जणींची माहेरची नावं आणि माहेरचे पत्ते लिहिले गेले होते. पत्रं भावांच्या घरी पोचली आणि "येईल तेव्हा देऊ" म्हणून देवळीत पडून राहिली. मनस्विनीबाईंनी स्वतः लग्नात नाव बदललं नव्हतं. जे आपल्याला करावं लागलं नाही, ते विचारायचं सुचत नाही. फार शिकलेल्या माणसांचं असं होतं.

"मीच मूर्ख," त्या वही मिटून म्हणाल्या.

दादूने "राही" लिहिलेलं पाकीट शोधून काढलं. ऋजुताने फिल्म खिडकीशी धरली, पण बाहेर मळभ होतं आणि ठिपका कुठला, डाग कुठला, ते कळेना. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दादूने वायर लावली आणि बटण दाबलं. काही नाही. माझी एक ट्यूब कधीच गेली होती आणि दुसरीचा माझाच मला भरवसा नव्हता. दादूने स्टार्टर काढून पुन्हा बसवला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "काय रे, आज लाज काढू नकोस." मी दोनदा फडफडलो, आणि लागलो.

आधी एक्स-रे लावला. डावीकडे बुटकी, उजवीकडे तीन टोकं! मी ओळखली. पण माझ्या ओळखण्याला विचारतो कोण? ऋजुताने शंका काढली, आणि ती रास्त होती. "मॅडम, ही राही म्हणजे याच मावशी, कशावरून?"

"आजच्या स्कॅनमधून कपाळाचं समोरचं चित्र काढ," मनस्विनीबाई म्हणाल्या.

लॅपटॉप माझ्या शेजारी उभा राहिला. एकीकडे छत्तीस वर्षांची राही, दुसरीकडे अठ्ठावन्न वर्षांची येसूबाई. तीन टोकं इकडे, तीन टोकं तिकडे. ऋजुताने पाकिटातून पुढची फिल्म काढून दिली.

मग स्कॅनची फिल्म लावली. बाराव्या चौकोनात, हाडाला चिकटून, ठिपका होता; तेव्हा मानेचे मणके बघण्याच्या नादात तो नजरेतून सुटला होता. मनस्विनीबाईंनी फिल्मच्या कडेची पट्टी बघून तो मोजला. ऋजुताने पडद्यावरचा मोजला. दोघींनी जागा बदलून पुन्हा मोजला. संदेश भिंतीला टेकला होता. त्याच्या हातातला फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

"तसाच आहे," मनस्विनीबाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत केसभरही वाढलेला नाही."

माझ्या अंगावरच्या फिल्मचे फोटो मुंबईला गेले. सर्जननी तासाभरात कळवलं: ऑपरेशन नको, वर्षाला एक स्कॅन करा. चक्कर रक्त कमी असल्यामुळे येत होती. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

"मंग भारा उचलू?" येसूबाईंनी विचारलं.

"डोकं ठीक आहे. मान बघितलीत का स्वतःची? भारा आता संदेश उचलेल."

"ह्यो?" येसूबाईंनी मुलाकडे असं बघितलं, की तो भर भांडारात तांबडा झाला.

त्या दाराशी पोचल्या, तेव्हा मनस्विनीबाईंनी हाक मारली, "राही!" येसूबाई झटकन वळल्या, एखादी पोर वळावी तशा. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "शिवा गेल्यापासनं ह्या नावानं कोणी बोलवलं नव्हतं गो."

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. मनस्विनीबाई आणि ऋजुता एकेका भावाला फोन करून विचारतात, "तुमची बहीण सासरी काय नावाने नांदते?" आतापर्यंत चौदा जणी सापडल्या. त्यांतल्या तिघी आता नाहीत. त्यांच्या फिल्मा मनस्विनीबाई एकदा माझ्यावर लावतात, थोडा वेळ उभ्या राहतात आणि पाकिटात नीट ठेवतात.

मित्रांनो, घरातल्या जुन्या फिल्मा फेकू नका, आणि त्यांतून ग्रहण तर मुळीच बघू नका. त्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. आणि पाकिटावर आईची, आजीची, मावशीची दोन्ही नावं लिहा. कवटीच्या आतलं मी दाखवीन, पण नाव विचारायला तोंड लागतं. ते मला नाही, तुम्हाला आहे.