तारेचा जोंधळा

मष्णू बेळगावजवळच्या मच्छे गावी एका कारखान्यात फिटर होता. १९८३ च्या दसऱ्यापासून त्याची बायको मनुबाई बेळगावच्या दवाखान्यात पडून होती. निपाणीकडं तंबाखूच्या वखारीत पंधरा वर्षं काढली होती तिनं. आता चार पावलं चालली तरी धाप लागायची. कामाची पाळी सुटली की मष्णू बसनं यायचा आणि भेटीची वेळ होईपर्यंत बाहेरच्या हॉलमध्ये बसायचा. तिथं कुणाचंच मन थाऱ्यावर नसायचं. माणसं उठत, दारापर्यंत जात, परत येत. ते बघूनच तो जास्त दमायचा.

शेवटी माणसं जरा बसावीत म्हणून त्यानं भंगारातल्या ट्रकच्या वायपरची मोटर आणली. तारेची, जोंधळ्यासारखी चाळीस ताटं केली, पत्र्याची पानं लावली, वर कणसं बसवली. ती हॉलमधल्या बाकासमोर उभी केली आणि बटण बाकाच्या फळीखाली ठेवलं. कुणी बसलं की शेतावरनं वारं जावं तशी ताटं एका टोकाकडून हळूहळू वाकत जायची.

दवाखान्याच्या मेट्रनबाईंनी आठवडाभर ठेवायची परवानगी दिली होती. पहिल्याच दिवशी लोक गंमत म्हणून उठबस करू लागले. गलका झाला तसं बाईंनी ते काढायला सांगितलं. मष्णूच्यात वाद घालायचंही त्राण नव्हतं. तो पाना घेऊन खाली बसला. बाकावर खानापूरकडची जयाबाई होती. आत तिच्या लेकीचं ऑपरेशन चाललं होतं.

"ऱ्हाऊ दे रं अण्णा," ती म्हणाली. "ते हलतंय तवर मला बसाय येतंय."

मेट्रनबाईंनी ते ऐकलं. सकाळपासून त्या उभ्याच होत्या. त्या जयाबाईशेजारी टेकल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि असू दे म्हणून निघून गेल्या. सांजच्याला जयाबाईची लेक शुद्धीवर आली.

दोन दिवसांनी मष्णूनं मनुबाईला धरून हॉलमध्ये आणलं. ती बाकावर टेकली तशी ताटं वाकू लागली.

"वारं लई संथ हाय की," ती म्हणाली.

"मोटरच हळू लावलीया."

"बरं हाय. मला एवढंच सोसतंय."

त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती झोपली. त्यानं सहाची बस जाऊ दिली.

माघात मनुबाई गेली. महिन्याभरानं मेट्रनबाईंचा निरोप आला, ताटं अडकलीत म्हणून. जायचं नाही असं मष्णूनं ठरवलं होतं, तरी शनिवारी गेला. दातेरी चाकात बांगडीची काच शिरली होती. ती काढून त्यानं तेल घातलं, तशी ताटं परत वाकू लागली. त्यानं हात पुसले. बाकावर चार अनोळखी माणसं होती. त्यातल्या एकानं सरकून जागा केली. मष्णू बसला.